परीट गेल्यावर

सोनकांबळे बाईंनी जगातल्या सगळ्या जिवांची तीन भागांत वाटणी करून ठेवली होती. थंडी पडली किंवा पाणी आटलं की काही जातात, काही झोपतात आणि काही साठवतात. करकोचे, बदकं, भोरड्या जातात. बेडूक आणि पाली झोपतात. मुंग्या साठवतात. पोरांना एवढं पक्कं झालं की बाई हीच वाटणी गावावर लावायच्या. किराणा दुकानदार मुंग्यांत गेला. आमचे हेडमास्तर दुपारच्या सुट्टीत टेबलावर डोकं टेकायचे ते सुट्टी संपली तरी उचलायचे नाहीत, म्हणून ते बेडकांत. मी शाळेवर रुजू झालो त्याच आठवड्यात माझी रवानगी ‘जाणारे’ या भागात झाली. का, असं विचारल्यावर बाई म्हणाल्या, "गुरुजी, तुमच्या ट्रंकेचं कुलूप अजून निघालं न्हाई."

खरं होतं ते. मी औशाचा. बोरतळ हे गाव उदगीरच्या पुढं, देवणीच्या अलीकडं, आणि माझ्या मनानं ते नकाशाच्या बाहेरच होतं. उस्मानाबाद जिल्ह्याचे नुकतेच दोन भाग होऊन लातूर नवा जिल्हा झाला होता आणि आम्हा मास्तर मंडळींच्या तोंडी बदलीशिवाय दुसरा विषय नव्हता. बाईंना मात्र बदली नको होती. माहेर उदगीरकडचं, नवरा लवकर गेलेला, मुलगा नांदेडला मामाकडे राहून शिकत होता. तुम्ही स्वतः कुठल्या भागात, असं मी एकदा त्यांना विचारलं.

"मी चिमणी," त्या म्हणाल्या. "चिमणी जात न्हाई, झोपत न्हाई, साठवत न्हाई."

मग थंडीत जगते कशी, हे मी विचारावं म्हणून त्या थांबल्या. मी विचारलं.

"अंग फुगवून बसती आन् शेजारणीला चिटकती. लई साधं हाय."

मग भाग चार झाले, असं मी म्हणालो. तर म्हणाल्या, पोरांना तीनच सांगते, चौथा त्यांना न सांगताच येतो.

बाई बुटक्या होत्या, आवाज मात्र अख्ख्या गावाला पुरेल एवढा. अंगावर पांढरं पातळ, मनगटावर नवऱ्याचं मोठं घड्याळ आणि अंबाड्यात खोचलेला खडू. तो खडू त्या विसरायच्या आणि वर्गभर शोधायच्या. पोरं हसू दाबून बसायची, कारण सांगितलं तर मजा संपायची. त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं: "पाठ नको, बघून सांग." गाईचे पाय किती, असं विचारल्यावर एखादं पोर चार म्हणालं तरी त्या त्याला बाहेर पाठवायच्या. ते बिचारं देवणी गाईच्या मागं उभं राहून मोजून यायचं आणि आल्यावर चारच म्हणायचं. एक पोरगी मात्र आली आणि म्हणाली, चार आहेत, पण एका खुरात काटा आहे. त्या दिवशी बाईंनी शाळा लवकर सोडली, आम्ही सगळे काटा काढायला गेलो.

बसचं आणि बाईंचं मात्र वाकडं होतं. एस.टी. नुसती दिसली तरी त्यांच्या पोटात ढवळायचं. उदगीरला त्या बैलगाडीनं नाहीतर पायी जायच्या, नांदेडला मुलाकडे रेल्वेनं. एकदा म्हणे लिंबू नाकाशी धरून बसल्या होत्या, पण पुढच्या गावालाच उतरून पायी परत आल्या. लातूरला नव्या जिल्ह्याची शिक्षकांची पहिली मोठी सभा झाली, तेव्हा आम्ही इस्त्रीचे कपडे घालून गेलो आणि बाई गेल्या नाहीत. हेडमास्तरांनी जाब विचारला. बाई शांतपणे म्हणाल्या, "जिल्हा जवळ आला म्हणून पोट बदललं का, सर?" हेडमास्तरांनी टेबलावर डोकं टेकलं.

पक्ष्यांचं वेड त्यांना लहानपणापासून होतं, पण ते वेड प्रेमातून आलेलं नव्हतं. आई दुसऱ्यांच्या ज्वारीची राखण करायची. दाणा दुधात आला की भोरड्यांचे थवे यायचे, आणि ही पोरगी माळ्यावर उभी राहून गोफण फिरवायची. एक दगड, एक पाढ्याची ओळ, असं करत त्यांनी तिसापर्यंतचे पाढे पाठ केले. पुढं नांदेडला शिक्षिकेचं शिक्षण घेताना त्यांना समजलं, की या भोरड्या हिमालयाच्या पलीकडून, थंडीत तिकडं खायला मिळत नाही म्हणून येतात. "एवढ्या लांबच्या पाहुण्याला आमी धोंडे मारले," असं त्या म्हणाल्या. वाईट वाटलं असेल, असं मी म्हणालो. "न्हाई. ज्वारी लोकाची होती. पण तवापासून कुणी लांबून आलं की मी आधी बघती, त्याला भूक हाय का."

शाळेच्या कोपऱ्यात हापसा होता. त्याच्याभोवती सांडलेल्या पाण्याचा कायम चिखल असायचा, चिखलावर माशा, आणि दसऱ्याच्या आसपास त्या माशांमागं एक पाखरू यायचं. चिमणीपेक्षा लांबट, पांढरा चेहरा, मागं काळी टोपी, राखी पाठ. गळ्याखाली एक बारीक काळी कोर. शेपूट सारखी वर-खाली, धोंड्यावर धुणं आपटावं तशी, म्हणून आपल्याकडे त्याला परीट म्हणतात. ते उड्या मारत नाही, आपल्यासारखं चालतं. पोरांना त्याचं फार कौतुक होतं. दरवर्षी येतो तो हाच, अशी साऱ्यांची खात्री. मला ते पटायचं नाही, पण बाईंच्या देखत मी तसं म्हटलं नाही.

परीट यायचा त्याच सुमाराला गावातल्या गाड्या निघायच्या. ऊसतोडीच्या टोळ्या बैल जुंपून, भांडीकुंडी आणि कोंबड्या बांधून सोलापूरच्या पलीकडं कारखान्यांकडं जायच्या, त्या कारखान्याचा पट्टा पडल्यावर, म्हणजे गाळप संपून उन्हाळ्याच्या तोंडाशी परतायच्या. आईबापांबरोबर पोरंही जायची आणि शाळेच्या पटावर नुसती नावं उरायची. बाईंना हे बघवत नव्हतं. शाळेमागच्या दोन खोल्यांत त्या भाड्यानं राहायच्या. त्यांनी एकेका घरी जाऊन सांगितलं, ज्वारी ठेवून जा आणि पोर माझ्याकडे ठेवून जा. तेव्हा अशा पोरांसाठी सरकारी सोय वगैरे काही नव्हती. पहिल्या वर्षी दोन मुली राहिल्या, मग हळूहळू खोल्या भरल्या.

आई कधी येणार, हा प्रश्न पोरं रोज विचारायची. तारीख सांगून उपयोग नव्हता, सात वर्षांच्या पोराला चैत्र म्हणजे काय कळणार? तेव्हा बाईंनी त्यांना परीट दाखवला. परीट आला की गाड्या जातात, परीट गेला की गाड्या येतात. तोही घर सोडून आलाय, तोही परत जाणार. "त्याच्यावर नजर ठेवा," त्या म्हणायच्या, "पाठ नको, बघून सांगा." तेव्हापासून पोरं रडायच्या ऐवजी हापशाकडे बघायला लागली. ही युक्ती कित्येक वर्षं बिनचूक चालली.

मग दुष्काळ आला. सलग दुसऱ्या वर्षी पावसानं दगा दिला होता. गावाच्या पाझर तलावावर दर हिवाळ्यात करकोचे उतरायचे, त्या वर्षी त्यांचा एक थवा उंचावरून आवाज करत आला, तलावावर एक फेरी मारली आणि तसाच पुढं निघून गेला. तलावाच्या तळाला भेगा पडल्या होत्या. दुष्काळी कामावर तिथला गाळ काढताना एका बाईला खोल मातीत बेडूक सापडला. ती घमेल्यात घालून तो शाळेत घेऊन आली. मेलाय का, असं विचारत होती. बाईंनी त्याला हातात घेतलं, पोटावर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "झोपलाय. जिथून काढला तिथंच, तेवढाच खोल ठेव. पाणी आलं की त्याचा तो उठतो." हेडमास्तर दारात उभे होते. बाईंनी त्यांच्याकडे एकदा पाहिलं, आणि त्यांनाही हसू आलं.

त्या वर्षी ऊसतोडीला कधी न गेलेली माणसंही निघाली. माणिक बिराजदार त्यातला. घरची शेती, दावणीला देवणी बैलांची जोडी, आणि त्या बैलांवर माणिकचा जीव. गावात कडब्याची काडी उरली नव्हती. कारखान्याला गेलं तर उसाचं वाढं तरी मिळेल आणि बैल जगतील, म्हणून तो निघाला. त्याची बायको सुमन आठ वर्षांच्या कौशीला घेऊन बाईंकडे आली. एका हातात पोरीचा हात आणि दुसऱ्या कडेवर पाण्याचं मडकं.

"बाई, वाईट वाटून घेऊ नका," ती खाली बघत म्हणाली. "पोरीसाठी पाण्याचं मडकं येगळं आणलंय. सासूबाईंनी सांगितलं हुतं, मरायच्या आधी."

बाई बौद्ध, बिराजदार गावातले जुने कुळवाडी. मडक्याचा अर्थ तिथं उभ्या असलेल्या प्रत्येकाला कळला. मला राग आला. बाईंनी मात्र मडकं हातात घेतलं, वाजवून बघितलं आणि म्हणाल्या, "मडकं चांगलं हाय. ठिवते. पण सुमन, पाणी टँकरचं हाय. टँकर एकच येतो."  सुमननं पदरानं डोळे पुसले आणि पोरीचा हात बाईंच्या हातात दिला. ते मडकं पुढं सगळ्याच पोरांचं झालं, कारण त्यातलं पाणी गार राहायचं.

कौशी सावळी, अंगानं बारीक, आणि प्रश्न विचारण्यात पटाईत. नव्या जिल्ह्याचा नकाशा अजून शाळेला आला नव्हता, म्हणून बाईंनी जुन्याच नकाशावर लाल पेन्सिलीनं लातूरची हद्द काढली होती. ती बघून कौशी म्हणाली, "बाई, आपला जिल्हा बदलला ते परटाला कळलं का?"

"त्याला कशाला कळायला पायजे? त्याला हापसा कळतो."

थंडी त्या वर्षी कडक होती. सकाळी शाळेच्या पूर्वेकडच्या भिंतीला सगळी पोरं एकमेकांना खेटून, गुडघे पोटाशी घेऊन ऊन खात बसायची आणि मधोमध बाई, अंगावर वाकळ घेऊन. मी एकदा माझ्या ट्रंकेतली आईनं दिलेली दुलई काढून पोरांवर टाकली. कुलूप निघाल्याचं बाईंनी पाहिलं. त्यांनी थोडं सरकून माझ्यासाठी जागा केली.

संक्रांत झाली आणि हापसा आटला. दांडा मारला की नुसता कोरडा आवाज यायचा. चिखल वाळला, त्याची खपली झाली, माशा गेल्या. आणि एका सकाळी परीट दिसला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. पोरांनी हे आम्हाला सांगितलंच नाही, कारण त्यांच्या दृष्टीनं ती आनंदाची बातमी होती. दुपारी वर्गात बघतो तर बाईंच्या घरची पोरं गायब. खोलीतली गाठोडीही गायब.

फाट्यावर सापडली सगळी. बाभळीखाली आपापलं गाठोडं मांडीवर घेऊन ओळीनं बसली होती. कौशीनं केस विंचरून घेतले होते आणि दोन्ही वेण्यांना रिबिनी बांधल्या होत्या. बाईंना बघून ती उठली.

"बाई, परीट गेला. आई आता येईल. आमी रस्त्यावर नसलो तर बैल पुढं जातील."

मी बाईंकडे पाहिलं. एवढ्या वर्षांत त्यांना गोंधळलेलं मी पहिल्यांदाच बघत होतो. पट्टा पडायला अजून दोन-अडीच महिने होते. बाई पोरांच्या ओळीत जाऊन धुळीत बसल्या.  मग त्यांनी विचारलं, "कौशे, शेवटचा दिसला तवा त्याचा गळा कसा होता?"

कौशीनं आठवलं. "पांढरा. खाली काळी कोर."

"आन् मागल्या साली जाताना कसा होता? कुणी बघून ठिवलंय का?"

एक मोठा मुलगा म्हणाला, काळा होता, हनुवटीपासून छातीपर्यंत सगळा काळा.

"बरोबर. घरी जायचा वखत आला की त्याचा गळा काळा होतो. नवं कापड घातल्यावानी. ह्याचा गळा अजून पांढराच हाय, म्हंजे हा घरी गेला न्हाई. पाण्यामागं गेलाय, इथंच कुठं तरी." त्यांचा आवाज खाली आला. "मी तुमाला अर्धंच सांगितलं हुतं. बाईचं चुकलं."

पोरं उठली, पण कौशी उठली नाही. तिनं रिबिनी सोडल्या, घडी करून गाठोड्यात ठेवल्या आणि मग हुंदका दिला. बाईंनी तिला उचलून घेतलं. आठ वर्षांची पोर, पाय जवळजवळ जमिनीला लागत होते, तरी फाट्यापासून शाळेपर्यंत तशीच आणली.

त्या संध्याकाळी त्या माझ्याशी बोलल्या. त्यांना आवरत नव्हतं. "गुरुजी, परीट हाय तोवर आई लांब हाय, हे पोरीला कळतं. परीटबी न्हाई आन् आईबी न्हाई, तर तिनं काय धरून बसावं? मीच तिच्या हातात ते पाखरू दिलं. आता ते परत आणायला पायजे." पाखरू काय टपालानं येणार आहे का, असं मी म्हणालो. त्यांना राग आला नाही. त्या हापशाच्या वाळलेल्या जागेकडे बघत होत्या.

दुसऱ्या दिवसापासून शाळेत नवा नियम निघाला. जेवून हात धुवायचे ते हापशाच्या खालीच. चूळ भरायची ती तिथंच. तांदूळ-डाळीचं धुवण, भांड्याचं खरकटं पाणी, बाईंच्या अंघोळीचं पाणी, पाटीवर फिरवलेलं फडकं पिळायचं ते सुद्धा तिथंच. इतके दिवस हे सगळं शाळाभर सांडत होतं आणि कुठंच दिसत नव्हतं. गावातली पोरंही घरी हात न धुता पळत शाळेत यायला लागली, त्यावरून आयांची भांडणं झाली. हेडमास्तरांनाही बाईंनी सोडलं नाही. डबा खाऊन ते हात धुवायला हापशापर्यंत चालत जाऊ लागले आणि त्या चालण्यानं त्यांची दुपारची झोप मोडली.

टँकरचं पाणी वाटणारे आबा एकदा तावातावानं आले. "बाई, माणसाला प्यायला न्हाई आन् तुमी पाखरांचे लाड करायलाव?"

"एक थेंब जास्तीचा घेत न्हाई, आबा. सांडायचं ते एका जागी सांडायलोत."

आबा तो ओला तुकडा बघून गेले. पुढं ते टँकरची नळी झटकायची झाली की शाळेच्या कोपऱ्यात येऊन झटकायला लागले.

आधी चिखल झाला. मग माशा आल्या, आणि माशांवरून हेडमास्तर कुरकुरले. आणि एका सकाळी पाढे चालू असताना कौशी मधेच थांबली. खिडकीतून दिसत होतं, परीट चालत होता. शेपूट वर-खाली. तो तोच होता की दुसरा, हे कुणालाच सांगता आलं नसतं. बाईंनी मला डोळ्यांनी दटावलं, जणू मी काही बोलणार होतो. पोरांना ओरडायची मनाई होती म्हणून ती सगळी तोंडावर हात ठेवून बसली. कौशी मात्र गळा बघत होती. "पांढराच हाय," ती हळू म्हणाली आणि पुढची ओळ म्हणायला लागली.

त्यानंतर गळा बघणं हेच शाळेचं काम झालं. शिमग्यापर्यंत ती कोर रुंद झाली. पाडव्याला हनुवटीखाली काळं पसरलं. तो जास्त खायला लागला होता. बाई म्हणायच्या, वाटेवरची शिदोरी आहे, अंगातच भरून नेतो. पोरांचे चेहरे खुलत होते आणि बाईंचा उतरत होता. मी विचारलं तर म्हणाल्या, "आता हा खरंच जाणार. मग त्यांनी यायलाच पायजे, न्हाई का?"

परीट गेला. आठवडाभरात गाड्या यायला लागल्या. चाकांचा आवाज ऐकू आला की बाईंच्या खोलीतून एकेक पोर पळत सुटायचं. शेवटी कौशी एकटी राहिली. माणिकच्या टोळीतल्या माणसानं निरोप आणला होता. पट्टा पडल्यावर माणिक आणि सुमन तिथल्याच एका बागायतदाराच्या मळ्यावर राहिले, बैलांना चारा आहे, पाणी आहे, पाऊस पडल्यावर बघू म्हणाले. पोरीचं काय, असं बाईंनी विचारलं. "बाईंकडं हाय म्हंजे फिकर न्हाई, म्हणाले."

याला विश्वास म्हणावा की आणखी काही? कौशी रोज रिबिनी बांधून फाट्यावर जायची आणि अंधार पडायच्या आत परत यायची. ती रडत नव्हती. जेवत मात्र कमी होती.

सुट्टी लागली, मी औशाला निघालो. निघताना बाईंनी विचारलं, "लातूरहून सोलापूरकडं जाणारी गाडी औशाला किती वेळ थांबती, गुरुजी?" मला वाटलं, सहज विचारलं.

मे महिन्यातली दुपार. बाईंनी पोस्टकार्डात कळवलेल्या दिवशी मी औशाच्या स्टँडवर गेलो आणि लातूरकडून आलेल्या गाडीतून बाई उतरल्या. तोंड पांढरंफटक, पातळाची रया गेलेली. मागून कौशी, एका हातात पत्र्याची पेटी आणि दुसऱ्या हातात अर्धं लिंबू. बाई नळाजवळच्या कट्ट्यावर बसल्या. पोरीनं पेटी खाली ठेवली, लिंबू त्यांच्या नाकाशी धरलं आणि दुसऱ्या हातानं पाठीवर थोपटायला लागली.

"उदगीरपासून तीनदा उतरावं लागलं," कौशीनं मला माहिती दिली. "कंडक्टर चिडले हुते. बाईंनी त्यांना भोरड्यांची गोष्ट सांगितली."

मी म्हणालो, बाई, मी नेऊन सोडतो हिला, तुम्ही परत जा. त्यांनी मान हलवली. बोलायची ताकद नव्हती तरी बोलल्या. "शब्द मी दिलाय. तुमी कसे जाता?" पुढची गाडी लागली. बाईंनी पदर डोक्यावरून घेतला, डोळे मिटले आणि चढल्या.

त्यानंतर मी रोज काही ना काही निमित्त काढून स्टँडवर जायचो. घरचे चेष्टा करायला लागले. एका संध्याकाळी सोलापूरकडची गाडी आली, त्यातून बाई उतरल्या. एकट्याच. 

मी एक लिंबू आणि चहा आणला. त्यांनी नुसता हातात धरला. "सापडले," त्या म्हणाल्या. "मळा चांगला हाय. बैल बघायला पायजे हुते तुमी, अंगावर तकाकी आलीय. सुमन पोरीला धरून एवढी रडली की मळ्याचा मालक पळत आला, काय झालं म्हणून."

"मग कौशी?"

"ठिवून आले. ते आता येत न्हाईत, गुरुजी. पाऊस पडला तरी न्हाई यायचे. तिथं शाळा हाय, बंद हुती, पण मास्तराच्या घरी जाऊन आले. मास्तर बरा वाटला. त्याला सांगितलं, ही पोरगी प्रश्न विचारती, हाणू नका." त्यांनी चहाचा एक घोट घेतला. "मी तिला सांगितलं हुतं, परीट गेला की आई भेटंल. ते आले न्हाईत, मग आपुन गेलो. एकच झालं."

एकच झालं म्हणताना त्यांचे डोळे भरले. ज्या बाईनं पोरं शाळेतून जाऊ नयेत म्हणून एवढी वर्षं दोन खोल्यांत गाव भरवलं, तिनं स्वतःच्या हातानं एक पोर नेऊन पोचवली होती, आणि ती पोर त्यांची सगळ्यांत लाडकी होती.  लातूरची गाडी लागली तशा त्या उठल्या, माझ्या हातातून लिंबू घेतलं आणि चढल्या.

जूनमध्ये माझी औशाला बदली झाली. मनासारखं झालं होतं, तरी मला ते फारसं गोड लागलं नाही. पाऊस त्या वर्षी बरा झाला. ट्रंक बोरतळलाच राहिली होती, ती आणायला मी दसऱ्यानंतर गेलो. पाझर तलाव अर्धा भरला होता. हापसा चालू होता. चाऱ्याची ददात नव्हती तरी गाड्या निघून गेल्या होत्या, कारण एकदा ती वाट पडली की पडतेच.

सकाळची वेळ होती. पूर्वेकडच्या भिंतीला पोरं खेटून बसली होती, बरीच नवी होती, मधोमध बाई. वाकळ तीच. त्यांच्या अंबाड्यात खडू होता आणि समोर मांडीवर पडलेल्या पाटीवर त्या खडू शोधत होत्या. हापशाजवळ परीट आला होता. मी कोपऱ्यावरच थांबलो, कारण मी पुढं गेलो असतो तर तो उडाला असता.

एका लहानग्यानं विचारलं, "बाई, हा गेला की आई येईल का?"

बाई पाखराकडे बघत राहिल्या. ते चिखलाच्या कडेनं निवांत चालत होतं, गळा पांढरा होता.

"येईल," त्या म्हणाल्या. "न्हाई आली तर आपुन जाऊ."

पोराचं समाधान झालं, ते त्यांच्या कुशीत आणखी सरकलं. बाईंनी वाकळ त्याच्यावर ओढली, तेव्हा त्यांच्या पदराचं टोक बाहेर आलं. त्याला गाठ मारलेली होती आणि गाठीत लिंबू होतं.